न्यायालयाच्या आवारात (लेखांक सहावा) : ज्युनियर वकिलाचा दिवस

गेल्या लेखांकात दावा दाखल झाल्यापासून बेलिफाने प्रतिवादीस समन्स बजावेपर्यंतचा क्रम आपण पाहिला. दाव्याच्या या सर्व फेऱ्यांत ज्याचे जोडे सर्वांहून अधिक झिजतात, त्या नवशिक्या वकिलाच्या, म्हणजे वकीलवर्गाच्या बोलीतील ‘ज्युनियर’च्या दिनक्रमाकडे आज वळावयाचे आहे. वकिली म्हणजे युक्तिवाद अशी जी समजूत नाटक-सिनेमांनी आपणां सर्वांच्या मनात रुजवून ठेवली आहे, ती घेऊन जिल्हा न्यायालयात जाणाऱ्याची पहिल्याच तासात निराशा होते. कारण तेथे ज्युनियर जे काही करीत असतो ते बहुतांशी तारखांभोवतीच फिरत असते, आणि माझे मत असे की, बाहेरून पाहणाऱ्यास निरर्थक भासणाऱ्या या तारखांच्या उस्तवारीतच तो दिवाणी कायदा शिकतो.

दिवसाचा प्रारंभ सीनियरांच्या कचेरीतील कपाटापुढे होतो. आदल्या संध्याकाळी डायरीत पाहून ठेवलेल्या कामांच्या फायली काढावयाच्या, प्रत्येक काम कोणत्या टप्प्यावर आले आहे हे रोजनाम्यावरून ताडावयाचे, आणि कैफियत द्यावयाची आहे, मुद्दे निघावयाचे आहेत की साक्षीदार उभा करावयाचा आहे, त्याप्रमाणे कागद जुळवावयाचे, हे सारे दहाच्या आत उरकावे लागते. पुढील तारीख आता मोबाइलवरही दिसते. तथापि ज्या कचेरीतील कारकून जुना आहे तेथे जाड पुठ्ठ्याच्या डायरीचाच अंमल अद्याप चालतो. हा कारकून ही असामी मोठी. निशाणी 1 म्हणजे वादपत्र आणि निशाणी 5 म्हणजे बहुधा तूर्तातूर्त मनाई हुकुमाचा अर्ज, हा आपल्याकडील दिवाणी न्यायालयांचा शिरस्ता; कोणत्या अर्जास किती रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो; कोणत्या टेबलावरील लिपिक दुपारच्या चहानंतरच बोलता होतो, ह्या विद्या विधी महाविद्यालयात शिकविल्या जात नाहीत, आणि पदवीधर ज्युनियरला त्या या अल्पशिक्षित गृहस्थाकडूनच, तीही थोडी मर्जी सांभाळून, घ्याव्या लागतात.

न्यायाधीश आसनस्थ होण्यापूर्वीच बोर्ड पाहून कोणते काम कितव्या क्रमांकावर आहे याची नोंद घ्यावयाची. आणि दोन कामे दोन मजल्यांवर एकाच सुमारास निघण्याचा संभव असल्यास एकीकडे ‘पासओव्हर’ घेण्यासाठी मित्राची आर्जवे करावयाची. (उन्हाळ्यात खालच्या न्यायालयांत काळ्या कोटाची सक्ती नसते, पण सीनियरांनी कोट उतरविल्याखेरीज ज्युनियर तो उतरविण्यास धजत नाही.) या धावपळीस कारण आहे. पट्टेवाल्याने पक्षकारांच्या नावाचा पुकारा केला, प्रतिवादी हजर झाला, आणि वादीच्या बाजूने कोणीच उभे राहिले नाही, तर 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 9 व्या आदेशान्वये दावा काढून टाकता येतो. मग तो पुन्हा फाइलवर घेण्यासाठी 30 दिवसांत अर्ज करून गैरहजेरीचे सबळ कारण दाखवावे लागते. जिन्यात गमावलेल्या दोन मिनिटांसाठी अशिलास असा भुर्दंड पडू शकतो.

“सीनियर सेशन्सला गुंतले आहेत, साहेब, मुदत मिळावी.” हे वाक्य उच्चारीत नाही असा ज्युनियर माझ्या पाहण्यात नाही. गंमत अशी की, संहितेचा 17 वा आदेश सुनावणीच्या काळात एका पक्षकारास तीनहून अधिक वेळा मुदत देऊ नये असे म्हणतो, आणि वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतला आहे ही सबब मुदतीस पुरेशी नाही असेही स्पष्ट शब्दांत सांगतो. म्हणजे कायद्याने जे कारण नाव घेऊन त्याज्य ठरविले, नेमके तेच हातात देऊन या मुलास न्यायपीठापुढे उभे केले जाते. न्यायाधीश रागावतात, खर्च बसवितात, आणि मागील बाकावर बसलेले पक्षकार तारखांचे सारे पाप त्याच्याच माथी मारतात. हे अन्यायाचे आहे. मुदत मागावयाची की नाही हा निर्णय कचेरीत आधीच झालेला असतो, आणि पुष्कळदा त्याचे मूळ अशिलाच्याच इच्छेत असते. जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्यास लांबलेला दावा कधीही कडू लागत नाही. परंतु याच प्रसंगी चांगला ज्युनियर ओळखू येतो. “काम कोठवर आले आहे?” या प्रश्नावर जो फाइल न चाळता, सरतपासाचे शपथपत्र दाखल आहे, खरेदीखत निशाणीस लागले आहे, केवळ उलटतपास उरला आहे, असे सांगू शकतो, त्याच्याशी न्यायपीठाचा स्वर बदलतो, आणि “मग तुम्हीच घ्या की उलटतपास,” या एका अनपेक्षित वाक्याने कित्येकांच्या खऱ्या वकिलीस आरंभ झालेला आहे.

दुपारनंतरचा वेळ नक्कल विभागाकडे जातो. हुकूमनाम्याच्या प्रमाणित नकलेवर अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची व ती दिल्याची अशा तारखा नमूद असतात, आणि त्यांचे महत्त्व शिक्क्यांहून मोठे आहे. जिल्हा न्यायालयात अपील करण्यास 30 दिवसांची मुदत असते, आणि 1963 च्या मुदत अधिनियमाच्या 12 व्या कलमाने नक्कल मिळविण्यास आवश्यक असलेला काळ त्यांतून वगळला जातो. अर्ज करण्यात ज्युनियरने केलेला आळस मात्र वगळला जात नाही.

सायंकाळी पुन्हा कचेरी; अशिलांची गर्दी, नोटिशींचे मसुदे, आणि सीनियरांच्या लाल शाईने रक्तबंबाळ झालेली कैफियत पुन्हा लिहिणे. या साऱ्याचा मोबदला काय, हा प्रश्न जुनाच आहे. 1923 साली मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही, वकिलीची प्राप्ती अपुरी पडत असताना, 1925 पासून काही वर्षे बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकविला. ऑक्टोबर 2024 मध्ये भारतीय वकील परिषदेने ज्युनियरांस शहरांत दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावे असे सुचविले. पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे, आणि तालुक्याच्या गावी ज्या सीनियरांची स्वतःचीच प्राप्ती बेताची, त्यांच्याकडून तिचे पालन कितपत होईल याविषयी मला शंका आहे. इकडे मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली आहे. अट योग्यच, परंतु ज्याच्या घरून तीन वर्षे खानावळीचे पैसे येऊ शकत नाहीत, अशा शेतकऱ्याच्या वा मजुराच्या मुलाने ती कशी पुरी करावयाची, याचा विचार वकील परिषदेइतकाच शासनानेही केला पाहिजे.

(पुढील लेखांकात : नाझर कचेरी आणि जप्तीचे वॉरंट)