कवडशात मावलेला सूर्य

यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावच्या आसपास कवेलूचं नाहीतर टिनाचं छप्पर असलेल्या घरात भर दुपारी जमिनीवर उन्हाचे रुपये पडतात. छपराची बारीक फट वाकडी असो की तिरपी, कवडसा गोलच. ऊन कलतं असेल तर लंबगोल. कारण तो फटीचा आकार नसतोच.

ते असतं सूर्याचं चित्र.

प्रकाश सरळ रेषेत जातो. म्हणून सूर्याच्या वरच्या कडेचा किरण बारीक छिद्रातून पलीकडे खालच्या बाजूला पडतो, खालच्या कडेचा वरच्या बाजूला आणि उलटी प्रतिमा उमटते. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात अंधाऱ्या दालनाच्या भिंतीवर गोपुराची उलटी सावली दिसते, ती याच नियमाने. इब्न अल्-हैथम या अरब शास्त्रज्ञाने हजारेक वर्षांपूर्वी अंधाऱ्या खोलीत याचे प्रयोग केले होते.

हाच नियम डब्यात बसवला की झाला पिनहोल कॅमेरा. बुटांचा खोका आतून काळा करायचा. एका बाजूला चौकोन कापून त्यावर ॲल्युमिनियमचा कागद ताणून चिकटवायचा आणि सुईच्या टोकाने छिद्र पाडायचं. समोरच्या बाजूला तेल चोळलेला पांढरा कागद लावायचा. डोक्यावरून चादर घेऊन उन्हातल्या झाडाकडे खोका धरला, की कागदावर झाड उलटं उभं राहतं, रंगांसकट. छिद्राच्या मापाकडे मात्र नीट लक्ष द्यावं. १५ सेंटीमीटरच्या खोक्याला अर्धा मिलिमीटर पुरतो. छिद्र मोठं झालं तर चित्र धूसर होतं. फारच बारीक केलं तर प्रकाश कडेशी पसरतो आणि चित्र पुन्हा धूसरच. तेलकट कागदाच्या जागी अंधारात फोटोचा कागद बसवून खोका झाकला आणि छिद्र मिनिट-दीड मिनिट उघडं ठेवलं, तर कडक उन्हात छायाचित्रही निघतं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी अशाच टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याची जी वाट दाखवली, ती ग्रामीण शाळांना सर्वांत परवडणारी आहे.

कवडशाने सूर्य मोजताही येतो. छिद्र ४ मीटर उंच असेल, तर डोक्यावरच्या सूर्याचा कवडसा सुमारे ३.७ सेंटीमीटर भरतो. कवडशाच्या रुंदीला उंचीने भागून १५ कोटी किलोमीटर या सूर्याच्या अंतराने गुणलं, की उत्तर येतं जवळजवळ १४ लाख किलोमीटर. सूर्याचा व्यास तेवढाच आहे.

मारेगाव सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २०-२१ मेच्या सुमारास दुपारी बारा वाजून दहा-बारा मिनिटांनी तिथे सूर्य थेट डोक्यावर येतो आणि कवडसा अगदी गोल होतो. त्या दिवशी शाळेला सुटी असते. पोरांच्या हाती पट्टी आणि पांढरा कागद द्या. सूर्याकडे छिद्रातून कधीच पाहू देऊ नका, कवडशाकडेच पाहायला सांगा.