पाठीवरचे दोन खटके

माझे एक स्नेही सेवानिवृत्तीनंतर मराठी पुस्तकांचे वाचन ध्वनिमुद्रित करण्याच्या उद्योगास लागले आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांनी शुअर कंपनीचा एसएम७बी हा मायक्रोफोन विकत घेतला, आणि तो पेटीतून बाहेर निघण्याआधीच त्याच्याविषयी इतकी मते त्यांच्या कानांवर येऊन पडली होती की, यंत्राची परीक्षा करण्यापूर्वी त्या मतांचाच निकाल लावणे प्राप्त झाले. या मायक्रोफोनच्या पाठीवर दोन लहान खटके आहेत : एक खालच्या स्वरांना उतार देणारा आणि दुसरा मधल्या-वरच्या स्वरांना किंचित उठाव देणारा. ते आत खोल बसविलेले असल्यामुळे बोटाने हलत नाहीत, बारीक पेचकस लागतो. आणि कोणता खटका काय करील हे सांगणाऱ्या दोन चिमुकल्या रेषाकृती तेथेच शेजारी आहेत. एवढ्याशा त्या दोन खटक्यांवरून आमच्या मंडळींत जे खटके उडाले, त्यांतूनच पुढील मजकूर निघाला आहे.

पहिला आक्षेप एका जाणत्या गृहस्थांचा होता. मायक्रोफोनच्या पोटातच स्वर घडविण्याची सोय ही अलीकडच्या बाजाराची क्लृप्ती असून जुन्या ध्वनिमुद्रकांना तिची गरज कधी भासली नव्हती, असे त्यांचे म्हणणे. दप्तर उघडून पाहिले तर हकीगत उलट निघते. अमेरिकेतील आरसीए कंपनीने १९५४ साली आणलेल्या ७७-डीएक्स या रिबन मायक्रोफोनला संगीतासाठी एक व भाषणासाठी दोन अशा तीन जागांचा, पेचकसाने फिरवावयाचा खटका होता. जर्मनीतील सेनहायझरच्या १९६० सालच्या एमडी ४२१ ला पाच पायऱ्यांचे कडे असून त्याच्या एका टोकास संगीताचे ‘एम’ व दुसऱ्या टोकास भाषणाचे ‘एस’ ही अक्षरे आहेत. आणि ज्याचा वंशज आमच्या टेबलावर येऊन बसला होता, तो मूळ एसएम७ देखील १९७३ सालचाच. आकाशवाणीच्या ऐन भरात असलेल्या काळातली जी सोय, तिला नवखी म्हणून हिणविणे न्यायाचे नव्हे.

ही सोय मुळात का करावी लागली, हे समजले की पुढचे अर्धे वाद मिटतात. एकाच दिशेकडून ऐकणारा मायक्रोफोन हा पडद्याच्या पुढून आणि मागून येणाऱ्या दाबांतील फरकावर चालतो. खालच्या स्वरांची लहर फार लांब असते, १०० हर्ट्झची लहर सुमारे साडेतीन मीटर भरते. त्यामुळे पुढच्या आणि मागच्या दाबांत त्या स्वरांचा फरक अगदी थोडा पडतो, आणि ती उणीव रचनाकार पडद्याच्या बांधणीतच भरून काढून ठेवतो. परंतु बोलणारा माणूस तोंड मायक्रोफोनला चिकटवू लागला की, पडद्याची पुढची बाजू ओठांना मागच्या बाजूपेक्षा ठळकपणे जवळ पडते, त्या अंतराच्या फरकामुळे खालचे स्वर आणखी फुगतात, आणि आधीच करून ठेवलेल्या भरपाईत ही नवी भर पडून साधा कारकुनी आवाजही एकाएकी नगाऱ्यासारखा घुमू लागतो. सर्व दिशांनी सारखे ऐकणाऱ्या, केवळ दाबावर चालणाऱ्या मायक्रोफोनांत हा प्रकार घडत नाही. इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनीने १९६८ साली आरई२० मध्ये याच व्याधीवर निराळा उपाय योजला. मायक्रोफोनच्या लांब देहावर फटी ठेवून वेगवेगळ्या कंपनांना वेगवेगळ्या अंतरांवरून आत येऊ दिले, म्हणजे फुगवटा मुळातच उद्भवू नये. शुअरने तो उतरविण्यासाठी खटका दिला. एक उपाय बांधणीतला, दुसरा विजेच्या मंडलातला, आणि दोहोंमागे कारण एकच.

दुसरी समजूत सुशिक्षितांची आहे, आणि म्हणूनच ती काढून टाकण्यास अधिक कष्ट पडतात. ज्याचा आलेख सरळ रेषेत जातो तोच मायक्रोफोन खरा, आणि जेथे रेषा वाकली तेथे खोटेपणा शिरला, असे हे मत. कंपनीने छापलेला आलेख हा सामान्यतः प्रतिध्वनिरहित खोलीत, ठराविक अंतरावरून, अगदी समोरून मोजलेला आणि बारीकसारीक खाचखळगे गुळगुळीत करून काढलेला असतो. त्याच मायक्रोफोनसमोर चार बोटांवर तोंड आणले की ती रेषा डाव्या टोकाला वर उचलली जाते, आणि किंचित बाजूने बोलले की उजव्या टोकाला खाली येते. कागदावर सरळ असलेला मायक्रोफोन वापरात सरळ राहीलच असे नाही. उलट, कागदावर खालच्या अंगाला उतार दाखविणारा मायक्रोफोन जवळून बोलणाऱ्याच्या हातात बराचसा समतोल ठरू शकतो. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ ही जी दोन टोके पेटीवर मिरवितात, त्यांच्यापुढे अधिक-उणे किती डेसिबल हे लिहिलेले नसेल तर तो मजकूर वाचूच नये.

‘हे सगळे मागाहून संगणकावर करता येते, मग खटके कशाला?’ हा प्रश्न स्नेह्यांच्या भाच्याने विचारला, आणि तो अर्धा खरा असल्यामुळे त्याचे उत्तर सावकाशपणे द्यावे लागले. ध्वनिमुद्रण स्वच्छ उतरले असेल तर खालचा स्वर नंतर उतरविणे व आधी उतरविणे यांत कानाला कळेल असा भेद बहुधा राहत नाही, आणि नंतर केलेला बदल परत घेता येतो ही मुभा मोठीच आहे. परंतु खटका प्रीअँपच्या, म्हणजे मायक्रोफोनचा संकेत वाढविणाऱ्या वर्धकाच्या, आधी बसलेला असतो. एसएम७बी हा अतिशय क्षीण विद्युत्संकेत देणारा मायक्रोफोन असून त्याला किमान ६० डेसिबल वर्धन द्यावे, अशी कंपनीचीच शिफारस आहे. इतक्या वर्धनात ‘भ’चा एखादा फुत्कार किंवा टेबलाला लागलेला गुडघा खालच्या स्वरांचा असा लोंढा आणतो की प्रीअँप क्षणभर फाटते, आणि एकदा फाटलेला आवाज कोणत्याही संगणकाला शिवता येत नाही. तेवढ्यापुरता खटका हा द्वारपाल ठरतो. दुसऱ्या, म्हणजे उठावाच्या खटक्याला असे समर्थन देता येत नाही. तो जे करतो ते मागाहून करण्यास काहीच हरकत नाही.

येथे एक उपकलम जोडले पाहिजे. इतर अनेक मायक्रोफोनांवर ‘८० हर्ट्झ’ असे लिहिलेला लो-कट असतो, आणि तो ८० च्या खालचे सारे कापून काढतो अशी सार्वत्रिक समजूत आहे. तो आकडा म्हणजे भिंत नसून उताराचा आरंभ आहे : त्या ठिकाणी स्वर साधारण ३ डेसिबल उतरलेला असतो आणि पुढे दर सप्तकाला ६, १२ किंवा १८ डेसिबल या बेताने उतरत जातो. हा उताराचा दर छापलेला नसेल तर नुसत्या ८० या आकड्यावरून काही ठरत नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झवर असतो. असा लो-कट लावल्यास त्याचे मूळ कंपन, उतार सौम्य असो वा तीव्र, चार-पाच डेसिबल दबते. तानपुरा ते सोसतो, कारण जवारीतून उठणाऱ्या वरच्या स्वरांवरच त्याचा डौल उभा आहे. बायाँ मात्र ते सोसत नाही. त्याची घुमारदार मींड हलकी पडते आणि तबलजी, ज्याला या खटक्याची वार्ताही नसते, आपला हातच आज बसला नाही असे मानून खिन्न होतो.

आता मुख्य फिर्याद, जी माझ्या देखत घडली. भाच्याने आधी दोन्ही खटके बंद ठेवून आणि मग खालचा उतार चालू करून मामांकडून एकच परिच्छेद दोनदा वाचवून घेतला, दोन्ही ध्वनिमुद्रणे ऐकविली आणि म्हणाला, “काका, खटका लावला की आवाज पातळ होतो. मामांचा आवाज मुळात भरदार आहे, तो कशाला मारायचा?” आम्हा तिघांनाही ते पटले. मात्र मोजून पाहता असे आढळले की, उतार लावलेले ध्वनिमुद्रण सुमारे दीड डेसिबलने मंद होते, आणि कोणी ते सारखे करून घेतलेच नव्हते. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून दिसून आले की, मानवी कान मंद आवाजात खालचे स्वर कमी ऐकतो आणि आवाज वाढला की ते त्याला अधिक भरून ऐकू येतात. अर्थात थोडा मोठा आवाज हा मोठा न वाटता ‘भरदार’ वाटतो, आणि विक्रेत्यांच्या प्रात्यक्षिकांतील निम्मी किमया या एवढ्याशा गोष्टीवर उभी असते. दोन्ही ध्वनिमुद्रणांची पातळी सारखी केली, त्यांना नुसती ‘अ’ आणि ‘ब’ अशी नावे दिली, आणि शेजारच्या मुलीला ती वाटेल त्या क्रमाने वाजवायला सांगितली. तिघांनीही उतार लावलेलेच निवडले. भाच्याने तर दोनदा.

त्या परीक्षेसाठी वाचावयाचा मजकूरही आम्ही हाताने रचला होता, कारण परदेशी परीक्षकांनी इंग्रजी वाचून दिलेला अभिप्राय मराठी वाचकाला अपुरा पडतो. आपल्या भाषेत ख, घ, थ, ध, फ, भ ही महाप्राण व्यंजने पावलोपावली येतात आणि प्रत्येक वेळी श्वासाचा झोत पडद्यावर आदळतो. तशातच ‘चाक’, ‘जास्त’, ‘झाड’ यांतील दंततालव्य च, ज, झ हे ‘चहा’तील तालव्य ‘च’पेक्षा अधिक धारदार असून स-कारासारखा घर्षणध्वनी सोबत घेऊन येतात. म्हणून एक वाक्य केले : ‘फाटकापाशी भिकाजीपंतांनी धपकन फणस फोडला.’ दुसरे : ‘सासूबाईंनी चुलीवर शंभर शेवया सोसाने शिजविल्या.’ पहिल्याने उताराच्या खटक्याचे पाणी जोखले, दुसऱ्याने उठावाच्या. उठाव लावताच ‘शंभर शेवया’ अशा काही शिसकारल्या की, सासूबाईंच्या चुलीवर शेवया नसून फोडणी आहे असा भास व्हावा. ज्याचा स मुळातच बोथट आहे अशा वाचकाला हाच उठाव उपकारक ठरेल. स्नेह्यांचा स पुरेसा तीक्ष्ण आहे.

खोलीचा प्रश्न थोडक्यात उरकतो. खटका लावला की खोलीचा घुमारा कमी होतो, असे अनेकांना वाटते. विजेच्या मंडलातील खटका समोरून आलेला आवाज आणि भिंतीवर आपटून आलेला आवाज यांत भेद करूच शकत नाही. दोघांनाही तो एकाच मापाने कापतो. मायक्रोफोन कोणत्या दिशेने काय ऐकतो हे त्याची बांधणी ठरविते, आणि ती पेचकसाने बदलत नाही. तीस सेंटिमीटरांवरून पंधरावर आले की प्रत्यक्ष आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो; हा लाभ फुकटचा आहे, आणि जवळ आल्याने फुगलेल्या खालच्या स्वरांसाठीच तो पहिला खटका आहे.

राहता राहिली कीर्ती. मायकल जॅक्सनच्या १९८२ सालच्या ‘थ्रिलर’साठी ध्वनिमुद्रक ब्रूस स्वीडिन यांनी एसएम७ वापरला, ही गोष्ट खरी; पण त्या वेळी एसएम७बी जन्मालाही आला नव्हता, तो २००१ सालचा, आणि त्या गळ्याचा व त्या ध्वनिमुद्रकाच्या कानांचा वाटा मायक्रोफोनच्या खात्यावर जमा करणे ही हिशेबातील सरळ अफरातफर होय. आवाज लहान येतो म्हणून यंत्रच सदोष ठरविणारी मंडळीही याच गोंधळातली. ९४ डेसिबल ध्वनिदाबाला एसएम७बी सुमारे १.१ मिलिव्होल्ट देतो, तर नॉयमानचा यू८७ एआय २८. ही तफावत साधारण २८ डेसिबलची आहे. शुअरने २०२३ साली आणलेल्या एसएम७डीबी या भावंडात १८ किंवा २८ डेसिबलचे प्रीअँप आतच बसविले आहे, आणि त्यासाठी ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. ते प्रीअँप आवाज मोठा करते. ज्याचे स्वतंत्र प्रीअँप सक्षम आहे त्याने त्यापायी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही.

आमचा अभिप्राय तीन आठवड्यांच्या वापरानंतरही बदललेला नाही. मायक्रोफोन ठेवून घेतला आहे. वाचनासाठी उताराचा खटका चालू, उठावाचा बंद. आणि ज्या दिवशी भाचा आपला तबला घेऊन येतो, त्या दिवशी पेचकस काढून दोन्ही बंद.