पेव: ऐकीव गोष्टी आणि खऱ्या गोष्टी

डिसेंबर लागला की पेवाची पानं पिवळी पडू लागतात, दांडे वाळून कडकडीत होतात आणि खानदेशातल्या पिंपळनेरसारख्या गावात घरातलं कोणीतरी निर्वाळा देऊन मोकळं होतं, ‘हाई झाड ते मरी गयं.’ मग कुदळ येते, गड्डा उकिरड्यावर जातो आणि त्या जागी क्रोटन लागतं. पेवाबद्दलच्या गैरसमजांमध्ये सगळ्यात महागात पडणारा हाच.

पेव मेलेलं नसतं. त्याचे आडवे, गाठाळ गड्डे जमिनीखाली शाबूत असतात आणि पहिला दमदार पाऊस झाला की तिथूनच नवे कोंब वर येतात. जुलै ते ऑक्टोबर हा फुलांचा काळ, नंतर पुन्हा विश्रांती. सह्याद्रीच्या दमट रानातलं झाड खानदेशात कसं टिकणार, ही शंकाही या विश्रांतीमुळेच फोल ठरते. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा वाळायला वर पानच नसतं. त्यातून पिंपळनेर पांझरेच्या वरच्या खोऱ्यात, चरणमाळ घाटाच्या वाटेवर. इथला पावसाळा पेवाला मानवण्यासारखा आहे. खरा धोका दयेचा असतो. वाळलेल्या झाडाची कीव येऊन कोणी हिवाळाभर रोज बादलीभर पाणी ओतलं, तर गड्डे कुजतात. दांडे वाळले की बुडापासून कापावेत, वर पालापाचोळा पसरावा आणि जागा विसरू नये म्हणून एक काठी रोवून ठेवावी.

सावलीतलं झाड म्हणजे अंधारातलं झाड, असंही अनेकांना वाटतं. म्हणून पेवाची कुंडी जिन्याखाली जाते. तिथे दांडे लांबलचक, लेचेपेचे होतात आणि फूल काही येत नाही. रानात पेव सापडतं ते ओढ्याकाठी किंवा झाडीच्या कडेला, जिथे ऊन पानांतून गाळून खाली येतं. परसातल्या आंब्याखालची जागा किंवा घराची पूर्वेची बाजू त्याला छान. भरपूर पाणी असेल तर ते उन्हातही तग धरतं, पण पानांच्या कडा करपतात. पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांची शोभेची जात रोपवाटिकेत मिळते. ती साध्या पेवापेक्षा सावकाश वाढते, एवढं धरून चालावं.

‘हे रानआलंच ना?’ हा पुढचा प्रश्न. उत्तर पान चुरगाळून मिळतं. आलं, हळद, सोनटक्का यांच्या पानांना वास येतो. पेवाच्या पानाला तो नाही. आल्याची पानं दांड्यावर समोरासमोर दोन रांगांत लागतात. पेवाची पानं मात्र एकाच रांगेत दांड्याभोवती गोल जिन्यासारखी चढत जातात आणि पुढे दांडाच पीळ घेतो. पानाच्या खालच्या बाजूवरून बोट फिरवलं की रेशमी लव जाणवते. आल्याचं आणि पेवाचं नातं जवळचं, पण कुळं वेगळी.

फुलाचीही गंमत आहे. लाल छदांच्या कणसातून बाहेर येणारी सात-आठ सेंटीमीटरची, चुरलेल्या कागदासारखी शुभ्र झालर पाकळी वाटते, पण ती पाकळी नव्हे. वांझ पुंकेसर एकमेकांना जुळून ती बनलेली असते. खऱ्या पाकळ्या तीन, तिच्यामागे दडलेल्या. फूल एक दिवसाचं. पांढरी फुलं संपली तरी लाल कणीस मात्र बराच काळ शोभा देतं.

त्या कणसावर मुंग्या दिसल्या की फवारणीचा पंप काढणारे बरेच असतात. पेवाच्या कुळातल्या झाडांच्या छदांवर मधुरस स्रवणाऱ्या ग्रंथी असतात, मुंग्या त्यासाठी येतात. अमेरिकी शास्त्रज्ञ डग्लस शेम्स्के यांनी पनामात याच कुळातल्या एका झाडावर काम केलं आणि १९८० मध्ये ते प्रसिद्ध केलं. मुंग्यांना दूर ठेवलं तेव्हा बिया खाणाऱ्या माशीचं फावलं आणि बियांचं उत्पादन घटलं. थोडक्यात, मुंग्या राखणीला असतात. त्यांना राहू द्यावं.

औषधाच्या बाबतीत गोंधळ सर्वांत दाट आहे, आणि तिथे चूक जिवाशी येऊ शकते. पेवाचं जुनं शास्त्रीय नाव कॉस्टस, म्हणून ते आयुर्वेदातलं कुष्ठ किंवा कोष्ठ समजलं जातं. ते कोष्ठ हिमालयाच्या उंचीवर वाढतं, सूर्यफुलाच्या कुळातलं आहे, त्याचं मूळ सुगंधी असतं आणि १९८५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टाचे कडक निर्बंध आहेत. मराठीत पेवाला काही ठिकाणी पुष्करमूळही म्हणतात. वैद्यांचं पुष्करमूळ पुन्हा तिसरंच, तेही हिमालयातलं. त्यातच भर म्हणून ‘इन्सुलिनचं झाड’. ते पेवाचं ब्राझीलमधलं बुटकं, नारिंगी फुलांचं नातलग. त्याच्या पानांचे काही प्रयोग प्राण्यांवर झाले आहेत, रक्तातली साखर उतरल्याच्या नोंदीही आहेत, पण तेवढ्यावर माणसाची गोळी बंद करता येत नाही. इन्सुलिन हे प्रथिन आहे, तोंडावाटे गेलं तर पोटात पचून जातं. म्हणून तर ते टोचून घ्यावं लागतं. ‘रोज एक पान चावा आणि औषध सोडा’ असं सांगणाऱ्याला नमस्कार करावा आणि डॉक्टरांकडे जावं.

पेवाच्या गड्ड्यात डायोस्जेनिन असतं, हे मात्र खरं. १९४० च्या दशकात रसेल मार्कर यांनी मेक्सिकोतल्या रानकंदातल्या याच द्रव्यापासून प्रोजेस्टेरॉन तयार केलं आणि संप्रेरकांची औषधं स्वस्त होण्याचा मार्ग मोकळा झाला. पण ते कारखान्यातल्या रसायनशास्त्राचं काम. त्यावरून घरी कच्चा गड्डा उगाळून पिणं शहाणपणाचं ठरत नाही.

राहिला प्रश्न झाड आणायचं कुठून. रानातलं ते सगळ्यांचं, असं म्हणून सहलीच्या पिशवीत गड्डे भरून आणणारे असतात. राखीव वनातून परवानगीशिवाय काही उपटून आणणं १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. त्याची गरजही नाही. शेजाऱ्याकडे पेव असेल तर पावसाळ्यात एक जून दांडा मागावा, दोन-तीन पेरांचे तुकडे करावेत आणि ओल्या वाळूत आडवे पुरावेत. पेरापेराशी कोंब फुटतात, मुळं धरली की कुंडीत हलवावेत.