कोळंबीचे बिस्किट

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत बिस्किट म्हणजे चहात बुडवायचा कुरकुरीत तुकडा नव्हे. तो बेकिंग पावडरने फुगवलेला मऊ, पदरदार पाव. त्यात कोळंबी किंवा खेकड्याचे सारण फार खुलते.

चिरोट्यात साटा पदर सुटे ठेवतो, तेच काम इथे थंड लोण्याचे वाटाण्याएवढे तुकडे करतात. ओव्हनमध्ये त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि पदर उचलले जातात.

बिस्किट दडस झाले की दोष बहुधा बेकिंग पावडरला दिला जातो. खरे कारण अनेकदा मळणे हे असते. पोळीच्या कणकेसारखे मळले की ग्लुटेन (गव्हातील प्रथिनांची चिवट जाळी) घट्ट होते. पीठ जेमतेम गोळा झाले की थांबावे.

कोळंबी परतून, सुटलेले पाणी आटवून, पूर्ण गार करूनच भरावी. सारण गरम असेल तर लोणी ओव्हनपूर्वीच वितळते.