पूर्णेचे पाणी, समुद्रातील प्लवक आणि मासे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्लवक म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहण्याइतके बळ नसलेले, पाण्याबरोबर वाहत राहणारे जीव. त्यांचे मुख्य गट दोन. वनस्पती प्लवक सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न तयार करतात आणि प्राणी प्लवक त्यांच्यावर किंवा एकमेकांवर जगतात. लहान मासे प्लवकांवर, मोठे मासे लहान माशांवर, असे समुद्रातील अन्नजाळे उभे राहते. वनस्पती प्लवकांचे आयुष्य बहुधा काही दिवसांचेच असते. त्यामुळे पाण्याचे तापमान, गोडेपणा, गढूळपणा किंवा पोषकद्रव्ये बदलली की त्याचा परिणाम सर्वांत आधी त्यांच्यावर दिसतो. या बदलांविषयी अनेक समजुती रूढ आहेत. त्यांतील काही अर्धवट खऱ्या आहेत, तर काही पूर्ण चुकीच्या.

गैरसमज १ : समुद्राशी मराठवाड्याचा काही संबंध नाही.

वस्तुस्थिती : हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजार समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असले तरी तेथील ओढ्यानाल्यांचे पाणी पूर्णा नदीच्या खोऱ्यात उतरते. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी पूर्णा परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. पुढे नांदेड, तेलंगणा आणि आंध्र प्रदेश ओलांडून हे पाणी बंगालच्या उपसागरात पोहोचते. गोदावरीची लांबी १,४६५ किलोमीटर आहे आणि तिच्या सुमारे ३.१२ लाख चौरस किलोमीटर खोऱ्याचा जवळजवळ निम्मा भाग महाराष्ट्रात आहे. सोयाबीन, कापूस आणि हळदीच्या रानांतून वाहून गेलेली माती, नत्र आणि स्फुरद यांचा काही वाटा त्यामुळे थेट समुद्रातील प्लवकांपर्यंत जातो.

गैरसमज २ : प्लवक म्हणजे डोळ्यांना न दिसणारे शेवाळ.

वस्तुस्थिती : बहुतेक वनस्पती प्लवक सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात, पण सगळे प्लवक सूक्ष्म नसतात. मोठे जेलीफिशही प्रवाहाबरोबर वाहत असल्याने प्लवकांतच मोडतात. कोकण किनाऱ्यावर डोल जाळ्यात येणारा आणि सुकवून बाजारात विकला जाणारा जवळा हाही थव्याने प्रवाहासोबत फिरणारा, प्राणी प्लवकांत धरला जाणारा जीव आहे आणि बोंबलाचे ते महत्त्वाचे खाद्य आहे. माशांची अंडी आणि नुकती बाहेर पडलेली पिल्ले काही काळ प्लवक म्हणूनच जगतात. गोड्या पाण्यातही हेच जग असते. गावतळ्याचे पाणी बारीक मलमलीतून गाळून, कापडावर उरलेले काचेच्या पेल्यातील थोड्या पाण्यात सोडून उजेडासमोर धरले, तर टाचणीच्या डोक्याहून लहान ठिपके झटके देत सरकताना दिसतात. ते कोपेपॉड आणि डॅफ्निया. मराठवाड्यातील तलावांत सोडला जाणारा कटला मासा पृष्ठभागाजवळ फिरून मुख्यतः अशाच प्राणी प्लवकांवर वाढतो.

गैरसमज ३ : खत जितके जास्त वाहून जाईल तितके प्लवक वाढतील आणि मासेही वाढतील.

वस्तुस्थिती : प्लवकांना पोषकद्रव्ये ठरावीक प्रमाणात लागतात. सर्वसाधारणपणे नत्राचे १६ अणू तर स्फुरदाचा १ असे ते प्रमाण असते. डायटम या वनस्पती प्लवकांना याशिवाय सिलिका लागते, कारण त्यांचे नक्षीदार कवच काचेसारख्या सिलिकेचे असते. दख्खनचा काळा खडक झिजून ही सिलिका नदीत येते. युरियातील नत्राचे नायट्रेट झाले की ते पाण्यात विरघळून सहज पुढे जाते. स्फुरद मात्र मातीच्या कणांना चिकटते आणि गाळाबरोबर येलदरी, सिद्धेश्वर, विष्णुपुरी यांसारख्या जलाशयांत बरेचसे अडकते. जलाशयाच्या संथ पाण्यात वाढलेले डायटम काही सिलिका घेऊन तळाशी बसतात. गोदावरीने समुद्रात नेलेला गाळ १९७० च्या दशकात वर्षाला सरासरी सुमारे १५ कोटी टन होता. १९९० च्या दशकात तो ६ कोटी टनांच्या आत आला.

असे प्रमाण बिघडले की डायटम मागे पडतात आणि इतर प्लवक पुढे येतात. डायटम हे कोपेपॉडांचे आणि अनेक माशांचे उत्तम खाद्य असते, तर त्यांची जागा घेणाऱ्यांपैकी काही विषारी किंवा फारसे कुणी न खाणारे असतात. न खाल्लेले प्लवक मरून कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवतात. म्हणून नुसते प्लवक वाढल्याने मासे वाढतीलच असे नाही.

गैरसमज ४ : नदीला पूर आला की मुखाशी लगेच प्लवक फुलतात.

वस्तुस्थिती : पुराबरोबर पोषकद्रव्ये येतात, पण गाळही येतो. पावसाळ्यात आंध्र प्रदेशातील धवलेश्वरमच्या बंधाऱ्यातून मोठा विसर्ग सुरू असताना गोदावरीच्या खाडीतील पाणी जवळजवळ गोडे आणि अतिशय गढूळ होते. प्रकाश खोल जात नाही आणि वेगवान प्रवाह प्लवकांना वाढण्याआधीच बाहेर ढकलतो. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या विशाखापट्टणम केंद्रातील शास्त्रज्ञांना येथे असे आढळले की, विसर्ग ओसरून गाळ खाली बसू लागला की मगच वनस्पती प्लवक झपाट्याने वाढतात. त्यामुळे पावसाचे प्रमाण आणि धरणातून पाणी सोडण्याची वेळ या दोन्हींवर प्लवकांचा हंगाम अवलंबून असतो.

गैरसमज ५ : समुद्र तापला की प्लवक सरसकट मरतात.

वस्तुस्थिती : बहुतेक ठिकाणी तापमानापेक्षा पाण्याची ढवळण महत्त्वाची ठरते. पोषकद्रव्यांचा साठा खोल पाण्यात आणि प्रकाश वर, अशी समुद्राची रचना आहे. वरचे पाणी तापून हलके झाले की खालचे पाणी वर येणे अवघड होते आणि प्लवकांची उपासमार होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पती प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटले असावेत.

बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, गोदावरी या नद्यांचे आणि पावसाचे गोडे पाणी दुधावर साय धरावी तसे वर पसरलेले असते. म्हणूनच तो अरबी समुद्राच्या तुलनेत कमी उत्पादक आहे. चक्रीवादळ हा थर मोडते. ऑक्टोबर १९९९ मधील ओडिशाच्या महाचक्रीवादळानंतर तेथे वनस्पती प्लवकांत वाढ नोंदवली गेली.

पोषण कमी झाले की मोठ्या डायटमांऐवजी अतिसूक्ष्म प्लवक टिकतात. ते इतके लहान असतात की माशापर्यंत पोहोचण्याआधी अन्नसाखळीत एक-दोन कड्या वाढतात. प्रत्येक कडीत साधारण १० टक्केच ऊर्जा पुढे जात असल्याने मोठ्या माशांच्या वाट्याला फारच थोडी उरते.

गैरसमज ६ : हिरवे, लाल किंवा रात्री चमकणारे समुद्राचे पाणी म्हणजे त्यात रसायन मिसळलेले आहे.

वस्तुस्थिती : हा रंग आणि हा प्रकाश बहुधा प्लवकांचा असतो. २०२० च्या हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर दिसलेल्या निळ्या लाटांमागे नॉक्टिल्युका हा एकपेशीय जीव होता. लाट फुटताना बसणाऱ्या धक्क्याने तो चमकतो. याच जीवाचा हिरवा प्रकार विशेष लक्ष देण्यासारखा आहे. त्याच्या पेशीत हरित सूक्ष्मजीव राहतात, त्यामुळे तो शिकारही करतो आणि प्रकाशातूनही अन्न मिळवतो. या शतकाच्या सुरुवातीपासून अरबी समुद्रात हिवाळ्यात तो डायटमांची जागा घेताना दिसतो. हेल्गा गोम्स, जोआकिम गोएस आणि त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये याचा संबंध पाण्यातील प्राणवायूच्या घटीशी जोडला. नॉक्टिल्युका बहुतेक माशांच्या उपयोगाचा नाही. जेलीफिश आणि साल्प हे जेलीसारखे जीव मात्र तो खातात.

गैरसमज ७ : प्लवक घटले की श्वास घ्यायला प्राणवायू उरणार नाही.

वस्तुस्थिती : पृथ्वीवरील सुमारे निम्मे प्रकाशसंश्लेषण समुद्रात होते हे खरे. पण तेथे तयार होणारा जवळजवळ सगळा प्राणवायू समुद्रातील जीवांच्या श्वसनात आणि मृत अवशेष कुजण्यात खर्च होतो. हवेतील २१ टक्के प्राणवायू हा कोट्यवधी वर्षांचा साठा आहे आणि प्लवक कमी झाल्याने तो माणसाच्या काळात संपणार नाही. खरा धोका मासळीच्या अन्नाला, समुद्राच्या पाण्यातील प्राणवायूला आणि समुद्राच्या कार्बन साठवण्याच्या क्षमतेला आहे.

गैरसमज ८ : मासे कमी होण्याचे कारण एकच असते.

वस्तुस्थिती : तारली मासा वनस्पती प्लवकांवर, विशेषतः फ्रॅजिलारिया या डायटमवर वाढतो. केरळात २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन तारली मिळाली आणि २०२१ मध्ये केवळ ३,३०० टनांच्या आसपास. त्यानंतर ती पुन्हा वाढली. समुद्राचे तापमान, एल निनो, पिल्ले बाहेर पडण्याची वेळ आणि प्लवक फुलण्याची वेळ यांचा मेळ, अपुऱ्या वाढीच्या माशांची पकड अशी अनेक कारणे अशा चढउतारांत गुंतलेली असतात.

गोदावरीतील हिलसा हे दुसरे उदाहरण. आंध्रात पुलसा म्हणून ओळखला जाणारा हा मासा समुद्रात प्लवक खाऊन मोठा होतो आणि पुराच्या पाण्यातून अंडी घालण्यासाठी नदीत चढतो. बंधाऱ्याने वाट अडली, पूर उशिरा आला, मुखाशी खाद्य बदलले किंवा मासेमारी वाढली, यांपैकी कशानेही त्याची संख्या घटू शकते. उपायही त्यामुळे अनेक पातळ्यांवर करावे लागतात. समुद्रात लहान माशांच्या पकडीवर मर्यादा हवी आणि धरणांतून हंगामानुसार पाणी सोडायला हवे. पूर्णेच्या खोऱ्यातील शेतांत माती परीक्षणानुसार, युरिया एकदम न टाकता हप्त्यांनी दिला आणि बांधबंदिस्ती केली, तर शेतकऱ्याचे खत वाया जात नाही आणि नदीत जाणारे नत्रही कमी होते.