कार्लोस पेन्या आणि त्याच्या शेजारची जागा

फुटबॉलच्या आकडेवारीत बचावपटूच्या वाट्याला फार थोडे येते. गोल कोणी केला, त्याआधीचा पास कोणी दिला, याची नोंद होते; न झालेल्या गोलांची वही कुणी ठेवत नाही. म्हणून २०१८ ते २०२० या दोन हंगामांत एफसी गोवाकडून खेळलेल्या कार्लोस पेन्या या स्पॅनिश बचावपटूचा अभ्यास करताना मला त्याच्यापेक्षा त्याच्या डाव्या हाताला खेळणाऱ्या गोव्याच्याच मंदार राव देसाईकडे अधिक पाहावे लागले.

पेन्याचा जन्म १९८३चा, सालामांकाचा. तो बार्सिलोनाच्या युवा संघांत वाढला, पण मुख्य संघाचे दार उघडले नाही. पुढे आल्बासेते, वायादोलिद, ओविएदो, हेताफे. आपल्याकडच्या बदलीच्या नोकरीसारखीच ही कारकीर्द. गोव्यात तो आला तेव्हा पस्तिशीचा होता. उमेदीच्या काळात तो डाव्या बगलेचा बचावपटू होता. इथे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांनी त्याला बचावफळीच्या मध्यावर, मोर्तदा फॉलच्या शेजारी उभे केले.

लोबेरांचा संघ चेंडू लांब भिरकावत नसे. मागून, छोट्या पासांनी डाव रचायचा आणि दोन्ही बगलांच्या खेळाडूंनी पुढे धावायचे. मंदार मूळचा आघाडीच्या डाव्या बाजूचा. त्याला मागे आणले, पण त्याची धाव तशीच ठेवली. मग त्याच्या पाठीमागे मोकळा पडणारा पट्टा कोणाचा?

आमच्या करमाळ्यात फुटबॉलपेक्षा कबड्डी जवळची, म्हणून तिच्या भाषेत सांगतो. कोपऱ्यावरचा गडी चढाईपटूच्या घोट्यावर झेप घेतो ती शेजाऱ्याच्या भरवशावर. पकड निसटली तरी वाट अडवायला कुणीतरी आहे, हे त्याला ठाऊक असते. टाळ्या कोपऱ्याला मिळतात. शेजारी मात्र अर्धे पाऊल आधीच सरकलेला असतो. मंदार पुढे गेला की पेन्याचे काम हेच. ज्या पट्ट्यात त्याने स्पेनमध्ये वर्षे काढली होती, तोच आता त्याला दुसऱ्यासाठी राखायचा होता. ही जाण पायांच्या वेगातून येत नाही. पस्तिशीनंतर तर नाहीच.

१७ मार्च २०१९ रोजी मुंबईत अंतिम सामना झाला. अहमद जाहूला लाल कार्ड मिळाल्याने गोवा दहा जणांवर आला आणि जादा वेळेत, ११७व्या मिनिटाला, बेंगळुरूने कॉर्नरवर एकमेव गोल केला. तो हेडर मुंबईच्या राहुल भेकेचा, म्हणजे बचावपटूचाच. (बचावपटूचे नाव मथळ्यात यायला त्याला समोरच्या गोलपर्यंत जावे लागते.) पुढच्याच महिन्यात भुवनेश्वरला चेन्नईयिनला २-१ असे हरवून गोव्याने सुपर कप जिंकला.

२०१९-२० मध्ये गोव्याने साखळीतील १८ सामन्यांत ४६ गोल केले, २३ स्वीकारले आणि पहिला क्रमांक मिळवून लीग शील्ड जिंकली. त्यामुळे आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीस पात्र ठरलेला तो पहिला भारतीय क्लब झाला. ते ४६ गोल आघाडीच्या खात्यावर जमा होतात. माझ्या मते त्यांतला काही वाटा मागच्या फळीचा आहे. मात्र या उघड्या खेळाची किंमतही होती. उपांत्य फेरीत चेन्नईयिनकडून पहिला सामना १-४ असा गमावला, दुसरा ४-२ असा जिंकूनही एकत्रित गोलसंख्येत गोवा ५-६ असा बाहेर पडला.

२०२० साली पेन्या निवृत्त झाला. दोन वर्षांनी तो गोव्याचा प्रशिक्षक म्हणून परतला. सहा संघांना बाद फेरीत प्रवेश होता; गोवा सातवा आला आणि हंगाम संपताच पेन्याही गेला. २०२२-२३च्या त्याच हंगामात लीग शील्ड मुंबई सिटीने जिंकली. त्या मुंबईच्या बचावफळीत मंदार राव देसाई होता आणि राहुल भेकेही.