मोटारप्रवास आणि श्वासयंत्र

झोपेंत घसा मिटून ज्यांचा श्वास वारंवार अडतो, त्यांचा श्वासमार्ग सीपॅप यंत्र मुखवट्यावाटे हवेचा दाब देऊन मोकळा ठेवतें. सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनीं १९८१ सालीं ही योजना प्रसिद्ध केली. उन्हाळी प्रवासास निघतांना ‘चार रात्री यंत्रावांचून काय अडतें?’ असें पुष्कळांस वाटतें. परंतु एका रात्रीच्या खंडानेंही दुसऱ्या दिवशीं पेंग येऊं शकते. आणि मोटार हांकतांना आलेली डुलकी साऱ्या कुटुंबावर बेतते. म्हणून यंत्र अवश्य न्यावें. निघण्यापूर्वीं पात्रांतील पाणी ओतून टाकावें, नाहीं तर हिंदकळून तें आंत शिरतें. उन्हांत उभ्या मोटारींत यंत्र ठेवूं नये. मुक्कामीं विजेचा भरंवसा नसल्यास योग्य बॅटरी असावी. हवा दमट करणारा तापक बंद ठेवल्यास ती अधिक वेळ पुरते. प्रवासाचा बेत बदलला तरी चालेल. रात्रींचा हा नियम मोडूं नये.